सम्राटाचा घसा

२ फेब्रुवारी, रविवार

आज मेहुण्याकडे गेलो होतो. बायको दर रविवारी दुपारी भावाकडे जाते आणि संध्याकाळी हसत घरी येते. गेले कित्येक महिने हेच चाललंय. हसण्यासारखं तिथं आहे तरी काय, ते बघायला गेलो.

काही नाही.

एक जेवणाचं टेबल, भोवती चार माणसं. मेहुणा गोष्ट सांगतो. समोर जंगल आहे, जंगलात दरोडेखोर आहेत, आता काय कराल? बाकीच्यांनी प्रत्येकी एक पात्र घेतलेलं. त्या पात्राच्या तोंडून बोलायचं, काय करणार ते सांगायचं आणि फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर मार खायचा. याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. सगळे चाळिशी ओलांडलेले. सगळ्यांना नोकऱ्या आहेत.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा आवाजाचा. एकालाही आवाज नाही! डेंटिस्ट बाई तिरंदाज झाल्यात. पण बोलतात डेंटिस्टसारख्याच. दरोडेखोराला बाण मारताना म्हणाल्या, "आता थोडंसं दुखेल." मेहुण्याच्या ऑफिसातला एकजण चोर झालाय. तो दर वाक्याला जांभई देतो. त्याचं नाव मी जांभई ठेवलंय. मनात.

आणि बायको! बायको नाकेदार आहे. म्हणजे जकात नाक्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवणारा माणूस. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक बोट वर. दरोडेखोरांनी वाट अडवली तर ही घसा खाकरून म्हणते, "एक मिनिट. मुळात तुमची अडवायची पद्धतच चुकीची आहे." टेबल हसून आडवं.

मला हसू आलं नाही. मुळात त्यांची पद्धत खरंच चुकीची होती. दोघे झाडामागे आणि चौघे रस्त्यावर, असं कोणी अडवतं?

निघताना मेहुण्याला म्हटलं, मी बोलणार नव्हतो, पण तुमच्या खेळाला एका आवाजाची गरज आहे. तो म्हणाला, "या की भाऊजी." बायको काही म्हणाली नाही. आनंदानं तिला शब्द सुचले नसावेत.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

संकल्प. येत्या रविवारपर्यंत आवाज तयार.

पात्र ठरलं: राज्यातून हाकललेला सम्राट. वय चारशे. आवाजात चार गोष्टी हव्यात. गुहा, लोखंड, धूर आणि मध. आवाज बेंबीतून निघाला पाहिजे. ऐकणाऱ्याला आधी भीती वाटावी, मग आदर, मग आपण आजवर काय ऐकत होतो याची लाज.

मला हे जड नाही. दुकानातला माइक माझ्याकडे आहे. तीन मजली दुकान, पडद्यांपासून गाद्यांपर्यंत घरातलं सगळं सामान, आणि दिवसभर वरखाली घुमणारा आवाज माझा. या लोकांनी आयुष्यात माइक हातात धरलाय का?

रोज पहाटे रियाज. उद्यापासून.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल उठलो नाही. आवाजाला विश्रांती दिली. मोठे कलावंत देतात.

आज बाथरूममध्ये सुरुवात केली. तिथं घुमतो छान. "मी… परत… आलो आहे." अंगावर काटा आला. माझ्याच.

बाहेरून आई बायकोला म्हणाली, "अगं, मोरी तुंबली वाटतं. ऐक कशी गुडगुडतेय."

बायकोनं प्लंबरला फोन केला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्लंबर आला. मोरीत काही सापडलं नाही. आवाज नक्की कसा येत होता, असं त्यानं विचारलं. आईनं काढून दाखवला. अतिशय सुमार नक्कल. मी तिथंच उभा होतो, पण बोललो नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला प्रवेश.

मेहुणा म्हणाला, धर्मशाळेचं दार उघडतं आणि आत कोण येतं? मी उभा राहिलो. बाकीचे बसून खेळतात, तो त्यांचा प्रश्न. जबडा पुढे काढला, पोट आत घेतलं आणि म्हणालो, "मी… चारशे… हिवाळे… पाहिले आहेत."

डेंटिस्ट बाई पुढे वाकल्या. "उजवीकडची का डावीकडची?" मी म्हटलं, काय? म्हणाल्या, "दाढ."

जांभईनं विचारलं, "चारशे काय पाहिले?" हिवाळे. "निवाडे? मग तुम्ही जज आहात का?" मेहुण्यानं त्याच्या कागदावर 'निवृत्त न्यायाधीश' लिहूनही टाकलं. ते खोडून घेण्यात बराच वेळ गेला. दरम्यान बायकोचा नाकेदार खुर्ची सरकवून पुढे आला. "एक मिनिट. सम्राट असाल तर कागद दाखवा. मुळात सम्राट पायी येत नाहीत."

पुन्हा सगळे आडवे.

प्रश्न रास्त होता. मी असतो तर हाच विचारला असता. तरी चारचौघांत विचारायला नको होता.

एकंदरीत प्रवेश गाजला. माणसं अजून तयार नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मेहुण्याचा फोन. म्हणे, "भाऊजी, इतकं सगळं लागत नाही. आवाज बदलायलाच हवा असंही नाही. एखादी लकब पुरते. कुणी भरभर बोलतं, कुणी एकच शब्द सारखा म्हणतं. ओळखीतला एखादा माणूस डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्यासारखं बोला."

बरं म्हणून फोन ठेवला. ज्याला स्वतःच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय नीट करता येत नाही, तो मला शिकवणार!

माझ्या ओळखीत नक्कल करण्याच्या लायकीचा एकही माणूस नाही. आणि मुळात लकब ही आळशी कलाकाराची सोय. मला स्वतःला एकही लकब नाही, हे मी अभिमानानं सांगू शकतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आवाज मोठ्या समुदायापुढे तपासून पाहणं आवश्यक होतं. आज दुकान बंद व्हायच्या वेळी माइक घेतला. नेहमी मी म्हणतो, "ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावं, दुकान थोड्याच वेळात बंद होत आहे." आज सम्राटाच्या आवाजात म्हटलं, "प्रजाजनहो… तुमची वेळ… संपली आहे."

आधी तिन्ही मजले चिडीचूप. मग पावलांचा आवाज. मग धावण्याचा. एरवी लोकांना बाहेर काढता काढता नाकी नऊ येतात. आज बघता बघता दुकान रिकामं झालं. ट्रॉल्या वाटेत तशाच. गाद्यांच्या विभागात कुणाचा तरी एक बूट.

याला म्हणतात परिणाम.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅनेजरनं बोलावलं. लोकांना वाटलं आग लागली. काहींना त्याहून वाईट वाटलं. एक बाई नवी उशी छातीशी धरून थेट घरी गेल्या. बूटवाल्यानं लेखी तक्रार केली आहे.

मी म्हटलं, एक मिनिट, मुळात हा प्रयोग समजून घ्यायला हवा. मॅनेजर म्हणाला, "माइक इकडे द्या."

माइक कॅशवरच्या बाईंना दिला. त्या साध्याच बोलतात, घरी बोलावं तशा. एक गिऱ्हाईक त्यांना सांगत होतं, आज पहिल्यांदा शब्द कळले.

माझं काय जातं. माझ्या मजल्यावर आता शांतता आहे. ती मला हवीच होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

आवाजात सुधारणा. जबडा मागे घेतला, धूर वाढवला, वर उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखाची एक ढब घातली. पहिलं वाक्य अप्रतिम गेलं. दुसऱ्याला ढब जरा दक्षिणेकडे सरकली. तिसऱ्याच्या वेळी चहा आला. मी म्हणालो, "साखर कमी ना?" जांभईनं विचारलं, "हे सम्राट म्हणाला का तुम्ही?" अशा लोकांबरोबर काम करायचं.

नंतर पुलावर ड्रॅगन आला. मी श्वास भरून घेत होतो. सम्राटाला लांब श्वास लागतो. तेवढ्यात नाकेदार ड्रॅगनला म्हणाला, "मी बोलणार नव्हतो. पण तुम्ही मुळात या वेळेला यायलाच नको होतं. मी यांना आधीच म्हटलं होतं." मेहुण्याला हसण्यापायी फासा उचलता येईना. ड्रॅगन वरमून परत गेला. माझा श्वास वाया.

घरी येताना बायकोला समजावून सांगितलं. कलाकारानं कलाकाराला सांगावं तसं. म्हटलं, तुझा नाकेदार फार अतिरंजित आहे. सतत दुसऱ्याच्या चुका काढणारा, स्वतःला भलता शहाणा समजणारा, असा माणूस खऱ्या जगात नसतो. तुझं निरीक्षण कमी पडतंय.

बायको चालता चालता थांबली. बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. बराच वेळ वाकून होती. खांदे हलत होते. मी म्हटलं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, सरावानं जमेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मध गेला. गुहाही गेली. नुसतं लोखंड उरलंय, तेही गंजलेलं. आईला हाक मारली तर म्हणाली, "दार करकरतंय, तेल घाला कुणीतरी."

२० फेब्रुवारी, गुरुवार

घशाच्या डॉक्टरकडे. नळी घालून आत पाहिलं. म्हणाले, स्वरयंत्राला सूज आहे, दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. मग विचारलं, गाता का? मी कागदावर लिहिलं, 'नाही. सम्राट आहे.' त्यांनी ताप पाहिला.

दुकानातून रजा. मॅनेजरनं लगेच दिली. जरा जास्तच लगेच.

२३ फेब्रुवारी, रविवार

मौन असूनही गेलो. आपण नसलो की लोक बेशिस्त होतात.

मेहुण्यानं युक्ती काढली. सम्राटाला शाप मिळालाय, त्याची वाचा गेली. त्याच्या वतीनं नाकेदार बोलेल. मला ही कल्पना बिलकूल आवडली नाही.

पण काय सांगू! दरोडेखोरांचा सरदार म्हणाला, पूल आमच्या ताब्यात द्या. मी फक्त बोट वर केलं. बायको म्हणाली, "सम्राटांचं म्हणणं असं, की मुळात हा पूल बांधतानाच चूक झालेली आहे. असला पूल घेऊन तुम्ही करणार काय?" अगदी हेच माझ्या मनात होतं! शब्दन् शब्द! मी भुवई उचलली. बायको म्हणाली, "शिवाय तुमच्या माणसांची उभी राहायची पद्धत सम्राटांना पसंत नाही." नव्हतीच!

डेंटिस्ट बाई म्हणाल्या, "आजचा सम्राट सगळ्यात छान झाला." जांभईनं आज एकही जांभई दिली नाही.

माझं मौन इतकं बोलकं असेल असं वाटलं नव्हतं. आणि बायकोला माझ्या मनातलं इतकं नेमकं कसं कळतं? सहवासाचा परिणाम. माझ्या सहवासाचा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी

दुपारी हॉलमध्ये पडद्यांचा कॅटलॉग चाळत बसलो होतो. तोंड बंद. आई तिच्या खोलीत आडवी झालेली.

स्वयंपाकघरातून आवाज आला. "एक मिनिट. मी आधीच म्हटलं होतं."

आई तिकडून ओरडली, "अरे, डॉक्टरांनी गप्प बसायला सांगितलंय ना तुला? किती बोलतोस!"

मी हॉलमध्ये. तोंड बंद.

स्वयंपाकघरातून पुन्हा, "मुळात…"

आई म्हणाली, "गप्प बस म्हणते ना! घशाचं वाटोळं करून घेशील एक दिवस."

मी गप्पच आहे, हे आईला ओरडून सांगता येईना. उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. बायको खांद्याने कानाशी फोन धरून भावाशी बोलत होती. रविवारची तयारी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक बोट वर. तिनं वळून पाहिलं. माझंही बोट वर होतं, हरकत घ्यायला. चष्माही तिथंच होता. आम्ही दोघे तसेच समोरासमोर उभे राहिलो.

कॅटलॉगच्या मागे लिहिलं, 'हा मी आहे?'

बायकोनं फोन बंद केला. वाचलं. म्हणाली, "सगळा नाही. घसा खाकरणं आमच्या बाबांचं आहे."

त्याच दिवशी, संध्याकाळी

मला हे अजिबात पटलेलं नाही. मुळात

खोडलं.

मी आधीच

हेही खोडलं. आज लिहिणं होणार नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मागची सगळी पानं वाचली. दोन-तीन ठिकाणी योगायोग आहे, हे मान्य. जास्त नाही.

बायको सकाळी चहा घेऊन समोर बसली. मी विचारलं नव्हतं, विचारता येत नव्हतं, तरी आपण होऊन बोलली. "पहिल्या रविवारी माझी पाळी आली तेव्हा जीभच उचलेना. सगळे माझ्याकडे बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग वाटलं, इथं हे असते तर काय म्हणाले असते? आणि तोंड उघडलं. तुमच्यासारखं बोललं ना, की भीती वाटत नाही हो. समोर कुणी का असेना, चूक त्याचीच."

मी कागदावर लिहिलं, 'टिंगल.'

ती म्हणाली, "हो, टिंगलही आहे."

निदान नाही म्हणायला हवं होतं. मी लिहिलं, 'बंद.' खाली रेघ मारली. तिनं कागद बघितला आणि म्हणाली, "बरं."

जिंकलो. वाद न घालता, एक शब्द न बोलता जिंकलो.

भांडी घासताना ती गुणगुणते. आज गुणगुणली नाही. माझ्या घशाला शांतता हवीच आहे.

२ मार्च, रविवार

मौन संपलं. डॉक्टर म्हणाले, बोला, पण माणसासारखं.

बायको आज नाकेदार नव्हती. डेंटिस्ट बाईंनी विचारलं, कुठे गेला तो? बायको म्हणाली, "बदली झाली त्याची." तिनं नवं पात्र घेतलं. झाडपाला देणारी एक वैदू बाई.

दरोडेखोर आले. मेहुण्यानं विचारलं, "ताई, वैदू काय म्हणते?" बायकोनं टेबलाकडे बघितलं. फासा हातात फिरवला. मग म्हणाली, "काही म्हणत नाही." पुलावर विचारलं, तिथंही नाही. राजवाड्यात विचारलं. "मी मागे उभी राहते."

मैदान मोकळं होतं. सम्राट गरजला, डॉक्टरांनी परवानगी दिली होती तेवढा. डेंटिस्ट बाई मोबाइलमध्ये उद्याच्या अपॉइंटमेंटी बघत होत्या. जांभईनं इतक्या जांभया दिल्या की शेवटी त्या मलाच लागल्या. डेंटिस्ट बाई म्हणाल्या, पुढच्या रविवारचं सांगता येत नाही. जांभई म्हणाला, त्याचंही नक्की नाही.

दारात मेहुण्यानं मला बाजूला घेतलं. सगळं त्याला कळलेलं होतं. चिडलेला नव्हता, ते जास्त लागलं. म्हणाला, "भाऊजी, ताईला मी लहानपणापासून ओळखतो. चार माणसांत ती कधी बोललीच नव्हती. असो. नाकेदारावाचून गाडी चालायची नाही. ताईनं करायचा नसेल तर तुम्ही करा."

बरोबर आहे. अस्सल माल घरात असताना नक्कल कशाला? ही कल्पना मुळात माझीच असायला हवी होती.

बायको घरी येताना माझ्या थोडं पुढे चालत होती. गल्ली रुंद होती, तरी.

५ मार्च, बुधवार

नाकेदाराच्या तयारीला काही लागत नाही. फक्त बोलायचं. तरीही शिस्त म्हणून फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि ऐकलं. कुणीतरी कुरकुऱ्या माणूस नाकातून बोलतोय. फोनचा माइक खराब आहे.

कॅशवरच्या बाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "कोण हो हे? पैसे परत मागायला आलाय का?"

बायकोला म्हटलं, रविवारी मी नाकेदार करतोय. ती म्हणाली, "करा ना. तुमचाच आहे." आणि स्वयंपाकघरात गेली. तिच्या पाठीवरून काहीच कळत नाही. इतकी वर्षं बघतोय, कळत नाही.

९ मार्च, रविवार. संध्याकाळी

सगळे आले होते. मेहुण्यानं त्यांना सांगून आणलं असणार.

प्रसंग असा. दरोडेखोरांच्या सरदारानं तिरंदाजाच्या, म्हणजे डेंटिस्ट बाईंच्या, गळ्याला तलवार लावलीय. बोला नाहीतर मान उडवतो. मेहुणा माझ्याकडे वळला. "आणि नाकेदार म्हणतो…"

मी चष्मा खाली ओढला. बोट वर केलं. घसा खाकरला. म्हणालो, "एक मिनिट. मुळात ही पद्धत चुकीची आहे."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी बायकोकडे बघितलं.

डेंटिस्ट बाई म्हणाल्या, "चांगलंय. पण तो असा नाही बोलत."

जांभई म्हणाला, "'मुळात'च्या आधी जरा थांबतो तो. आपली किळस आल्यासारखा."

मी थांबून म्हटलं. म्हणे, फार थांबलात. कमी थांबलो. म्हणे, आता किळस गेली. डेंटिस्ट बाई म्हणाल्या, "नका ताण घेऊ. प्रत्येकालाच जमतं असं नाही." हे मला! मी कसा बोलतो, ते मला!

मेहुणा हळूच म्हणाला, "ताई, एकदा दाखवतेस का यांना?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणालो असतो तर ती गप्प बसली असती. तेही मला दिसलं. गेल्या रविवारी कशी फासा हातात फिरवत बसली होती, तेही दिसलं. मी म्हटलं, "दाखव."

तिनं चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला. सरदाराकडे असं बघितलं, जणू तो दुकानात मळके पाय घेऊन शिरलाय. नाकातून थोडी हवा सोडली. "एक मिनिट. मी बोलणार नव्हतो. पण मुळात तलवार अशी धरतात का? मान कापायची तर नीट कापा, नाहीतर सोडा त्या बाईंना. इथं लोकांना कामं आहेत."

डेंटिस्ट बाईंच्या डोळ्यांतून पाणी. जांभई टेबल बडवत होता. डुगडुगणाऱ्या पायामुळे चहा सांडला. माझ्याही तोंडातून काहीतरी आवाज निघाला. हसू असावं. ठरवून काढलेलं नव्हतं, त्यामुळे त्यात गुहा, धूर वगैरे काही नव्हतं. बायकोनं बोलता बोलता वळून बघितलं आणि पुढचं वाक्य माझ्याकडे बघूनच म्हटलं. मग सरदारानं तलवार म्यान केली.

नाकेदार परत रुजू झाला.

मी म्हटलं, ठीक आहे, मी पुन्हा सम्राट होतो. मेहुणा कागद चाळायला लागला. सम्राट मघाशीच नदीत पडून वारला होता. मी नाकेदार करत होतो तेव्हा. फासा जांभईनं टाकला होता. कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. माझ्यासुद्धा.

मग उरलंय काय? मेहुण्यानं शोधलं, शोधलं आणि म्हणाला, "नाकेदाराचं खेचर आहे, भाऊजी."

खेचर काय बोलतं, विचारलं. "काही नाही. नाकेदाराचं सामान वाहतं."

बायकोनं शेजारची खुर्ची ओढली. मी जाऊन बसलो. थोडा वेळ सामान वाहिलं. मग विचारलं, मधूनमधून खिंकाळलं तर चालेल का?

मेहुणा म्हणाला, "फासा टाका."

टाकला. एक पडला.